प्रोबेशनवरच्या आरएन लायसन्सवर कॅलिफोर्नियात नोकरी कशी शोधायची

प्रश्न थोडक्यात असा: नार्कोटिकच्या (मॉर्फिनसारख्या वेदनाशामकांच्या) नोंदींमधल्या तफावतीवरून कॅलिफोर्नियातलं आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्सचं, लायसन्स निलंबित झालं. निलंबनाची मुदत आता संपली आहे, लायसन्स चालू आहे, पण ३ वर्षांच्या प्रोबेशनवर, म्हणजे राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या अटी आणि देखरेखीखाली. इस्पितळांच्या संकेतस्थळांवर चाळीसेक अर्ज केले, एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. पुढे काय करावं? की सरळ मुंबई गाठावी, किंवा गल्फचं बघावं?

आधी त्या चाळीस अर्जांचं बघू. मोठ्या इस्पितळांच्या जाहिरातीत बहुतेक वेळा 'अनएन्कम्बर्ड' लायसन्सची अट असते, म्हणजे कसलंही बंधन नसलेलं लायसन्स. ऑनलाइन अर्जात 'लायसन्सवर कधी कारवाई झाली आहे का' या प्रश्नाला 'हो' म्हटलं की अर्ज माणसाच्या हाती जाण्याआधीच बाजूला पडतो. त्या वाटेने आणखी शंभर अर्ज पाठवले तरी फार फरक पडणार नाही. तुम्हाला शोधायची आहे ती अशी जागा, जिथे बोर्डाने तुमच्यावर काढलेल्या ऑर्डरमधली प्रत्येक अट रोजच्या कामात पाळता येते. म्हणून बायोडेटा बाजूला ठेवा आणि ऑर्डर समोर घ्या.

ऑर्डर वाचताना काय टिपायचं

कॅलिफोर्निया बोर्डाच्या ऑर्डरची भाषा पहिल्यांदा वाचताना छाती दडपते: 'लायसन्स रद्द, रद्द करण्याला स्थगिती, ३ वर्षं प्रोबेशन.' याचा अर्थ लायसन्स तुमच्या हातात आहे आणि त्यावर काम करता येतं. अटी मोडल्या तर मात्र स्थगिती उठू शकते. हा फरक नोकरी देणाऱ्यालाही बऱ्याचदा माहीत नसतो. तो 'रद्द' एवढाच शब्द वाचतो आणि कागद मिटतो. त्यामुळे हा अर्थ तुम्हाला दोन वाक्यांत समजावून सांगता आला पाहिजे.

अटींमध्ये नोकरीच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे देखरेखीची पातळी. कॅलिफोर्नियात 'मॅक्झिमम' पातळी असेल तर देखरेख करणारी व्यक्ती कामाच्या जागी सतत हजर लागते. 'मॉडरेट'मध्ये तुमच्या कामाच्या निम्म्या तासांना ती युनिटमध्ये हवी. 'मिनिमम'मध्ये प्रत्येक शिफ्टला निदान दोनदा तुमच्याशी प्रत्यक्ष बोलणं झालं पाहिजे. आणि बोर्डाने वेगळी व्यवस्था मान्य केलेली नसेल तर ही व्यक्ती स्वतः कारवाई नसलेली आरएन असावी लागते. म्हणजे रात्री अख्ख्या इमारतीत एकच आरएन असते अशी नोकरी, पगार कितीही चांगला असला तरी, तुमच्यासाठी बंद.

त्यानंतर कामाच्या जागेवरची बंधनं. रजिस्ट्री (नर्स पुरवणाऱ्या संस्था), तात्पुरत्या नेमणुका करणाऱ्या एजन्सी, ट्रॅव्हल नर्सिंग, प्रायव्हेट ड्यूटी (एकाच रुग्णाची खासगी सेवा) आणि इस्पितळाचा अंतर्गत पूल (लागेल त्या युनिटला पाठवायच्या राखीव नर्स) सहसा बंद असतात. घरोघर जाऊन सेवा देण्याच्या कामावरही बंधन असतं. नेमून दिलेल्या ठरावीक जागीच काम करायचं, फ्लोट व्हायचं नाही, म्हणजे गरजेप्रमाणे दुसऱ्या युनिटला जायचं नाही. इतर आरएनवर सुपरवायझर म्हणून काम करता येत नाही, आणि एलव्हीएन (आरएनच्या खालच्या पातळीच्या परवानाधारक नर्स) किंवा सहायकांवर देखरेख करण्यालाही बोर्ड प्रकरण पाहून मनाई करू शकतं. नर्सिंग कॉलेजात शिकवणंही बंद. नार्कोटिक हाताळण्याबद्दल तुमच्या ऑर्डरमध्ये वेगळी अट आहे का ते शब्दशः वाचा. कुणा मैत्रिणीच्या ऑर्डरवरून स्वतःचा अंदाज बांधू नका, अटी माणसागणिक बदलतात.

तिसरी गोष्ट कामाच्या तासांची. कॅलिफोर्नियाच्या नेहमीच्या अटीनुसार आठवड्याला किमान २४ तास, सलग ६ महिने, आरएन म्हणून काम करावं लागतं. इथे बरेच जण अडकतात: नोकरी मिळत नाही म्हणून तास भरत नाहीत आणि तास भरले नाहीत म्हणून प्रोबेशन पुरं होत नाही. याच अटीत एक खिडकी आहे, ती वापरा. बोर्डाची मान्यता असेल तर आरएन म्हणून केलेलं स्वयंसेवी काम आणि ज्यासाठी आरएन लायसन्स आवश्यकच आहे असं रुग्णसेवेबाहेरचं कामही या तासांत धरता येतं. मान्यता लेखी आणि काम सुरू करण्याआधी घ्यायची. (दुसऱ्या राज्यात आकडे वेगळे असतात. टेक्ससच्या ऑर्डरमध्ये सहसा महिन्याला किमान ६४ तासांची अट दिसते.)

हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून काढलंत तरी चालेल: कुठे चालतं, कुठे चालत नाही, कुणी हजर पाहिजे, किती तास. पुढचा शोध त्या कागदावरून होणार आहे.

अर्ज करण्याआधी दोन याद्या तपासा

हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण न केल्यास महिनोनमहिने वाया जातात. लायसन्स निलंबित झाल्यावर केंद्रीय आरोग्य खात्याचं महानिरीक्षक कार्यालय, म्हणजे ओआयजी, तुम्हाला मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांमधून वगळू शकतं. अशा लोकांची यादी ओआयजीच्या संकेतस्थळावर सगळ्यांना पाहता येते आणि दर महिन्याला अद्ययावत होते. कॅलिफोर्नियाची स्वतःची मेडि-कॅलची (राज्याच्या मेडिकेडची) वेगळी यादी आहे. दोन्हींत आपलं नाव शोधा. लग्नाआधीचं आडनाव असेल तर त्यानेही शोधा.

यादीत नाव असेल तर मेडिकेअरचे पैसे घेणारी संस्था तुम्हाला सहसा ठेवू शकत नाही. ठेवलं तर तिला मोठा दंड होऊ शकतो. ही बंदी खाटेजवळच्या कामापुरती नाही, तिथलं बिलिंग किंवा फ्रंट डेस्कसुद्धा तिच्यात येतं. आणि सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो इथे: लायसन्स परत चालू झालं म्हणून यादीतून नाव आपोआप निघत नाही. ओआयजीला लेखी अर्ज करावा लागतो. वगळण्याची ठरलेली मुदत संपायच्या ९० दिवस आधीपासून तो करता येतो, आणि प्रक्रियेला १२० दिवस किंवा त्याहून जास्त लागू शकतात. नाव असेल तर नोकरीच्या अर्जाआधी हा अर्ज.

त्याच बैठकीत एनपीडीबीकडून, म्हणजे आरोग्यसेवकांवरच्या कारवाईच्या राष्ट्रीय नोंदसंग्रहाकडून, स्वतःचा अहवाल मागवा. बोर्डाने तिथे नेमकं काय कळवलंय हे तुम्हाला नोकरी देणाऱ्याच्या आधी माहीत हवं. त्या नोंदीखाली ४,००० अक्षरांपर्यंत स्वतःचं निवेदन जोडता येतं. ते जरूर जोडा, पण त्यात कुणावर दोष ढकलू नका. काय घडलं, काय पुरं केलं, एवढंच. शेवटी नर्सिस या नर्सेसच्या लायसन्सच्या राष्ट्रीय नोंदीवर आणि राज्याच्या ब्रीझ या लायसन्स प्रणालीवर आपल्या लायसन्सची आजची स्थिती बघा. निलंबन संपूनही जुनाच शेरा दिसत असेल तर बोर्डाला लगेच लिहा.

कुठे शोधायचं

तुमच्यासारख्या प्रकरणात मी पहिल्या क्रमांकावर डायलिसिस केंद्रं ठेवेन. तिथे हेपारिन, रक्तवाढीची इंजेक्शनं, लोह ही रोजची औषधं. नार्कोटिकचा संबंध जवळजवळ येत नाही. मोठ्या केंद्रात एका वेळी एकाहून जास्त आरएन असतात, त्यामुळे देखरेख जमते. अनुभव नसला तरी बरीच केंद्रं स्वतः शिकवतात. अडचण छोट्या केंद्रात येते. तिथे एकटी आरएनच चार्ज नर्स (शिफ्टची प्रमुख) असते आणि तंत्रज्ञही तिच्याच हाताखाली असतात, म्हणून चौकशी करताना 'माझ्या शिफ्टला दुसरी आरएन असेल का' हे पहिल्या फोनवरच विचारा.

दुसरं, स्किल्ड नर्सिंग फॅसिलिटी, म्हणजे नर्सिंग होमसारखं केंद्र. सगळे हाच सल्ला देतात आणि तो अर्धा बरोबर आहे. इथे माणसांची कायम टंचाई असते आणि निर्णय डायरेक्टर ऑफ नर्सिंग स्वतः घेतात, त्यामुळे दार उघडण्याची शक्यता जास्त. पण कॅलिफोर्नियात या ठिकाणी औषधं देण्याचं काम मुख्यतः एलव्हीएन करतात आणि आरएनला घेतात तेच 'आरएन सुपरवायझर' म्हणून, संध्याकाळच्या किंवा शनिवार-रविवारच्या शिफ्टला. तुमच्या ऑर्डरशी नेमकं तेच जुळत नाही. तेव्हा सोमवार ते शुक्रवार दिवसपाळी मागा. त्या वेळी डायरेक्टर इमारतीत असतात. एमडीएस (तिथल्या रुग्णांच्या मूल्यमापनाचा ठरावीक फॉर्म) कोऑर्डिनेटरचं काम मिळालं तर अधिक चांगलं: मूल्यमापनाचा तो फॉर्म पूर्ण झाल्याची सही आरएनचीच लागते, काम दिवसाचं असतं आणि नार्कोटिकच्या कपाटाची किल्ली तुमच्या खिशात येत नाही. हे तास तुमच्या अटीत धरले जातील का, तेवढं आधी विचारून घ्या.

बाह्यरुग्ण क्लिनिक, लसीकरण, प्लाझ्मा संकलन केंद्रातली तपासणी, विमा कंपन्यांतलं युटिलायझेशन रिव्ह्यू (उपचार गरजेचे आहेत का याची तपासणी) हेही बघण्यासारखं. शेवटच्यात घरून काम असेल तर देखरेख कशी होणार हा प्रश्न बोर्ड विचारेल, त्यामुळे ऑफिसात बसून करायची जागा शोधा.

एंडोस्कोपी, शस्त्रक्रिया केंद्र, आयसीयू, इमर्जन्सी, हॉस्पिस यांच्याकडे सध्या वळू नका. फेंटानिल, मिडाझोलाम, मॉर्फिन तिथे हाताशी असतात. प्रकरण नार्कोटिकच्या नोंदींचं असताना अशी जागा मागितलीत तर बोर्डाच्या देखरेख अधिकाऱ्यालाही शंका येईल, आणि एखाद्या शिफ्टला मोजणीत कुणाचीही चूक झाली तरी पहिली नजर तुमच्याकडे वळेल.

सांगायचं कधी आणि कसं

अर्जात प्रश्न असेल तर उत्तर खरं द्यायचं, यात दुसरा विचार नाही. खोटं उत्तर म्हणजे नोकरी जाणं आणि वर प्रोबेशनचा भंग. लायसन्स क्रमांक टाकला की सार्वजनिक नोंदीत ऑर्डरचं पानन् पान वाचता येतं.

पण ऑनलाइन अर्जावर विसंबून राहू नका. डायरेक्टर ऑफ नर्सिंग किंवा केंद्राच्या व्यवस्थापकाशी थेट बोला. फोन करा, दुपारी दोनच्या सुमारास स्वतः जा, जुन्या सहकाऱ्यांमार्फत नाव पोचवा. पहिल्याच बोलण्यात स्वतःहून सांगा. नियुक्ती ठरल्यावर मनुष्यबळ विभागाकडून कळलं तर माणूस फसवल्यासारखं वाटून घेतो, आणि ते स्वाभाविक आहे.

बोलणं दीड मिनिटात संपलं पाहिजे, या क्रमाने: "माझ्या लायसन्सवर बोर्डाची कारवाई झाली होती, ते आधी सांगायला हवं. मशिनमधून काढलेलं औषध आणि एमएआरवरची (दिलेल्या औषधांच्या तक्त्यावरची) नोंद यांचा मेळ बसला नाही, वेस्टेजला (उरलेलं औषध टाकून देताना) साक्षीदाराच्या सह्या राहिल्या होत्या. निलंबन पुरं झालं, सांगितलेले कोर्स केले, लायसन्स आता चालू आहे आणि प्रोबेशन अमुक तारखेपर्यंत आहे. तुम्हाला तीन गोष्टी कराव्या लागतील, त्या या कागदावर आहेत." आणि थांबायचं. जुना मॅनेजर कसा वाईट होता, युनिटमध्ये माणसं किती कमी होती, हे खरं असलं तरी या बैठकीत काढू नका. ऐकणाऱ्याला एवढंच कळतं की हे माणूस उद्या आपल्याबद्दलही असंच बोलेल.

तो कागद एकाच पानाचा असावा. वर लायसन्सची स्थिती आणि प्रोबेशन संपण्याची तारीख. मग देखरेख कोणी आणि किती करायची. मग मूल्यमापनाचा अहवाल किती दिवसांनी आणि कोणत्या फॉर्मवर पाठवायचा. रिकामा फॉर्म सोबत जोडा. मग मी काय करू शकत नाही, दोन-तीन ओळींत. शेवटी ओआयजीच्या यादीत नाव नसल्याची छापील प्रत, त्या दिवसाच्या तारखेची. मॅनेजरला भीती वाटते ती मुख्यतः कागदपत्रांच्या ओझ्याची आणि कायदेशीर जोखमीची. हा कागद हातात पडला की ओझं केवढं आहे ते दिसतं. ऑर्डरची पूर्ण प्रत कामावर रुजू होण्याआधी मालकाला आणि थेट वरिष्ठाला द्यावीच लागते, तेव्हा तीही सोबत ठेवा.

ऑफर आल्यावर

इथे उतावीळपणा फार महाग पडतो. क्रम असा: ऑफर, मग बोर्डाच्या देखरेख अधिकाऱ्याकडे नोकरीचा तपशील, मग बोर्डाची मान्यता, मग रुजू होणं. मालक म्हणतो, "सोमवारी ओरिएंटेशनला या, कागद मागाहून येतील." जाऊ नका. ओरिएंटेशन हीसुद्धा नोकरीच, आणि मान्यतेविना केलेली नोकरी म्हणजे अटीचा भंग. मान्यतेला वेळ लागतो म्हणून मुलाखतीच्या आधीच अधिकाऱ्याला ईमेल करून कोणते फॉर्म लागतील ते मागवून ठेवा आणि मालकाला रुजू होण्याची तारीख दोन-तीन आठवडे पुढची द्या.

आरोग्यक्षेत्रातली कोणतीही नोकरी मिळाल्यावर ७२ तासांत बोर्डाला लेखी कळवायचं. नोकरी सुटली तरी ७२ तासांतच. नंतर युनिट बदललं, शिफ्ट बदलली, देखरेख करणारी आरएन सोडून गेली, तर त्याच दिवशी अधिकाऱ्याला कळवा. प्रत्यक्षात बरीच प्रकरणं बिघडतात ती या शेवटच्या कारणाने: देखरेख करणारी गेली, कुणी लक्ष दिलं नाही, तिमाही अहवाल आला नाही, आणि दोष तुमच्या नावावर लागला. अहवाल मालकाने पाठवायचा असला तरी तो पोचला का हे पाहण्याची काळजी तुम्हीच घ्या.

नोकरी मिळेपर्यंतच्या प्रत्येक प्रयत्नाची वही ठेवा: तारीख, संस्था, पद, कुणाशी बोलणं झालं, उत्तर काय आलं. नकाराचे ईमेल पुसू नका. मुदतीत तास भरले नाहीत, पण प्रामाणिक प्रयत्नांचे पुरावे असतील आणि इतर अटी मोडलेल्या नसतील, तर बोर्ड प्रोबेशन वर्षभरापर्यंत वाढवून देऊ शकतं. पुरावा नसेल तर तीच गोष्ट अटीचा भंग ठरते. त्या चाळीस अर्जांचे पोचईमेल आजच शोधून एका फोल्डरमध्ये टाका.

चौकशीचा खर्च भरण्याची अट असेल तर हप्ते मंजूर करून घ्या. तो सहसा प्रोबेशन संपण्याच्या ३ महिने आधी फिटलेला असावा लागतो.

चाचण्या असतील तर स्वयंपाकघराकडे बघा

ऑर्डरमध्ये अचानक लघवी-तपासणीची अट असेल तर मराठी घरातल्या काही वस्तूंकडे लक्ष द्या, कारण इथले वकील याबद्दल सांगत नाहीत. खसखशीमुळे मॉर्फिन आणि कोडीनची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. दिवाळीचे अनारसे, खसखशीची खीर, मटणाच्या वाटणातली खसखस, सगळं प्रोबेशनभर बंद. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, द्राक्षासव यांसारख्या आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतं, आणि अल्कोहोलवर मनाई असताना इटीजी ही चाचणी थोडंसंही पकडते. माउथवॉशही अल्कोहोलविरहित घ्या. भारतातून आणलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध घरातसुद्धा ठेवू नका. होळीची भांग तर दूरच. नमुन्याआधी भरपूर पाणी पिऊ नका. पातळ नमुना आला तर तो लपवाछपवीचा प्रयत्न समजला जाऊ शकतो. "मला माहीत नव्हतं" हे स्पष्टीकरण बोर्ड ऐकून घेईल, पण तोवर कामावरून थांबावं लागू शकतं.

दुसरं राज्य, गल्फ किंवा परत मुंबई

कॅलिफोर्निया नर्स लायसन्स कॉम्पॅक्टमध्ये (एका लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या करारात) नाही, त्यामुळे तुमच्या लायसन्सवर तसंही दुसऱ्या राज्यात काम करता येत नाही. कॉम्पॅक्टमधल्या राज्यात गेलात तरी बंधन असेपर्यंत बहुराज्यीय लायसन्स मिळत नाही. नवीन अर्जात कारवाईबद्दल विचारतातच, आणि नर्सिसमधून ते दिसतंही. शिवाय कॅलिफोर्नियाबाहेर राहण्याचा किंवा काम करण्याचा काळ प्रोबेशनमधून वजा होत नाही. तीन वर्षं गल्फमध्ये काढून परत आलात तर प्रोबेशन होतं तिथेच उभं असेल. गल्फसाठी लागणाऱ्या डेटाफ्लो पडताळणीत लायसन्स देणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे थेट विचारणा होते, म्हणजे तिथेही हे सांगावंच लागेल. मुंबईला परतायचं ठरलंच तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी जिवंत आहे का ते पाहा आणि जाण्याआधी बोर्डाला लेखी कळवून जा. न कळवता गेलात तर ते अटीच्या भंगात धरलं जाऊ शकतं.

तुम्ही एच-१बीवर असाल तर नोकरी सुटल्यापासून कमाल ६० दिवस देशात राहण्याची सवलत असते. मालकाशी बोलणी करण्याआधी स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा एक तास विकत घ्या. नर्सिंगच्या वकिलाला या भागाची पुरेशी माहिती असेलच असं नाही.

३ वर्षांच्या प्रोबेशनमध्ये १ वर्षानंतर एखादी अट बदलून मागता येते आणि २ वर्षांनंतर प्रोबेशन लवकर संपवण्याची विनंती करता येते. त्या अर्जाला बळ मिळतं ते ओळीने आलेल्या तिमाही अहवालांचं, वेळेवर भरलेल्या हप्त्यांचं आणि एकाच जागी टिकून केलेल्या कामाचं. म्हणून पहिली बरी नोकरी मिळाली की तासाला दोन डॉलर जास्त मिळतात म्हणून सहा महिन्यांत ती बदलू नका. प्रोबेशन संपल्याचं पत्र आलं की ब्रीझ आणि नर्सिसवर स्थिती बदलली का ते पाहा आणि त्या दिवशीची छापील प्रत जपून ठेवा. 'लायसन्सवर कधी कारवाई झाली होती का' या प्रश्नाचं उत्तर त्यानंतरही 'हो' असंच राहील, आणि तेव्हा हे पत्र त्या उत्तरासोबत जोडायचं.